आग टाकीत, बंब कार्बोरेटरवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून आपल्या पत्रव्यवहारात सध्या चांगलीच जुंपली आहे. कोणी म्हणतो गाड्यांची पार वाट लागली, कोणी म्हणतो हा नुसता बागुलबुवा. बहुतेक पत्रे दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांविषयी आहेत. पण इथेनॉलचा खरा त्रास होतो तो कार्बोरेटरवाल्या (हवा-पेट्रोलचे मिश्रण सेन्सरशिवाय करणाऱ्या) जुन्या गाड्यांना, आणि त्यातही वर्षातले मोजके दिवस बाहेर पडणाऱ्या उघड्या टपाच्या गाड्यांना. त्यांच्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून हे पत्र. उदाहरणादाखल एमजी कंपनीची एमजीबी ही दोन आसनी उघडी रोडस्टर घेतो. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात ती बनली. सुटे भाग आजही मिळतात, आणि तिची पेट्रोलची यंत्रणा समजली की त्या काळच्या बऱ्याचशा ब्रिटिश गाड्या समजतात. मागे टाकी, एसयू या ब्रिटिश कंपनीचा एक विजेचा पंप, गाडीखालून पुढे येणारी नळी आणि जुळे एसयू कार्बोरेटर. बस, एवढेच.

आधी इंधनाचे पाहू. २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य मुळात २०३० चे होते, ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणले गेले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. पण ॲव्हरेज ही जुन्या गाडीच्या मालकाची चिंता नव्हेच. शुद्ध पेट्रोल नीट जळायला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ किलो पुरते. नव्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. १९६७ सालच्या कार्बोरेटरला यातले काही कळत नाही, तो पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो. परिणामी मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ होते. गाडी उचलताना अडखळते, कार्बोरेटरमधून उलट ‘फट्’ करते, घाटात नेहमीपेक्षा जास्त तापते. दुसरे, इथेनॉल जुने रबर फुगवते आणि मऊ करते. तिसरे, ते हवेतला ओलावा ओढते. थोडे पाणी ते पोटात सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल उचलणाऱ्या नळीचे तोंडही तिथेच असते.

टाकीत नेमके काय आहे ते घरी पाहता येते. पंपावर बाटलीत पेट्रोल मागू नये, ते देतही नाहीत. गाडीच्याच पेट्रोलच्या रबरी नळीतून (होजमधून) ९० मिली काढावे, १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाण्यावर ओतावे, तोंड बंद करून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. तळचा थर १० चा १० राहिला तर पेट्रोलमध्ये इथेनॉल नाही. २५ ते २८ च्या आसपास गेला तर ते ई-२० आहे.

एवढे सगळे खरे असले तरी गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारींचे खापर सरसकट इथेनॉलवर फोडणे बरोबर नाही. बहुतेक वेळा दुखणे जुनेच असते, इथेनॉल फक्त ते उघडे पाडते. आणि मेकॅनिक पहिला हात घालतो तो कार्बोरेटरला, कारण तो समोर दिसतो आणि त्याला स्क्रू आहेत. वास्तविक पेट्रोल जिथून निघते तिथून शोध घ्यायला हवा.

एमजीबीची टाकी डिकीच्या तळाला खालून बोल्टने लटकवलेली असते. १९६५ नंतरच्या गाड्यांत ती सुमारे ५४ लिटरची आहे. गंमत म्हणजे ती सडते वरून. टाकीचा माथा आणि डिकीचा तळ यांच्या फटीत माती आणि पाणी साचते, मध्ये घातलेल्या पट्ट्या तो ओलावा धरून ठेवतात. खालून पाहिले तर टाकी नवीकोरी वाटते. टाकी पूर्ण भरल्यावरच पेट्रोलचा वास येत असेल आणि अर्ध्यावर आली की थांबत असेल, तर माथ्याला भोके पडली आहेत असे खुशाल समजावे. उघड्या गाडीत हा वास सहज निसटतो, कारण हूड, म्हणजे कापडी टप, खाली असताना वारा तो उडवून नेतो. महिन्यातून एकदा हूड चढवून, काचा लावून गाडी तासभर बंद ठेवावी आणि मग दार उघडून नाक आत घालावे. चालत्या रोडस्टरमध्ये मागची हवा आत खेचली जाते, म्हणून डिकीचे रबर आणि तळातल्या वायरींच्या भोकांची रबरी बुचे शाबूत हवीत.

टाकीच्या आतल्या गंजाला सायट्रिक ॲसिड पुरते. टाकी उतरवण्याआधी बॅटरीची तार काढावी. काट्याचे सेन्सर युनिट काढून ठेवावे, टाकी साबणाच्या पाण्याने दोनदा विसळावी, मग लिटरला ५० ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे पूर्ण टाकीला पावणेतीन किलो सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून भरावे. एक दिवस पुरे. जास्त ठेवले तर ॲसिड चांगल्या पत्र्यालाही खाऊ लागते. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावी, कारण उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. वाळली की थोड्या टू-स्ट्रोक ऑइलने आतून माखावी. आतून लावायच्या लेपाबाबत सांभाळून राहावे. जुने लेप इथेनॉलमध्ये सुटून पापुद्रे होतात, आणि ते पापुद्रे पेट्रोल उचलणाऱ्या पिकअप नळीवर पडद्यासारखे बसतात. गाडी ताशी साठला झटके खाते, बाजूला घेऊन दोन मिनिटे थांबले की पुन्हा ठणठणीत, अशी तक्रार असेल तर यावर पहिला संशय घ्यावा.

आणि एक. टाकीला भोक पडले म्हणून ती तशीच गॅस वेल्डिंगवाल्याकडे नेणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते. नवी टाकी मागवणे दवाखान्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

टाकीचे झाकणही तपासावे. १९७० नंतर अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत वाफ कोळशाच्या डब्यातून जाते, म्हणून त्यांचे झाकण हवाबंद असते. तेच झाकण डबा नसलेल्या गाडीवर बसवले तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंप कितीही ओढला तरी पेट्रोल येत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. ‘सूंऽऽ’ आवाज करून हवा आत शिरली तर चोर सापडला.

मग येतात रबरी होज. टाकी ते पंप, पंप ते लोखंडी नळी, बॉनेटखाली कार्बोरेटरपर्यंत आणि दोन कार्बोरेटरच्या मध्ये असे छोटे छोटे तुकडे असतात. गाडीला दीड-दोन मीटर होज पुरतो. दुकानात ‘पेट्रोल पाइप द्या’ म्हटले की स्कूटरचा पारदर्शक पिवळा पाइप हातात पडतो. तो इथे अजिबात चालणार नाही. होजवर ‘एसएई जे-३० आर-९’ असे छापलेले हवे. त्याच्या आतल्या अस्तराला इथेनॉलने काही होत नाही. ‘आर-६’ हा जुन्या पेट्रोलसाठीचा. वर स्टीलची जाळी चढवलेला होज दिसायला रुबाबदार, पण आतले रबर तडकले तरी जाळीमुळे दिसत नाही. आमच्या मते साधा काळा होज बरा, तो चिमटीत दाबून पाहता तरी येतो. जुन्या होजचे टोक कापून आत पांढरा कपडा फिरवावा. कपडा शाईसारखा काळा झाला तर रबर विरघळतेय, आणि तीच काळी भुकटी पुढे कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन बसते. होज पाच वर्षांनी बदलावाच, चांगला दिसत असला तरी. क्लिप पूर्ण गोल पट्टीची घ्यावी, दाते कापलेली पट्टी रबर चिरते.

एक्झॉस्टच्या बाजूला, बॉनेटखाली प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर लावायची फॅशन आहे. तो उष्णतेने ठिसूळ होतो. धातूच्या कवचाचा लावावा, पंपाच्या पुढे आणि एक्झॉस्टपासून लांब. ई-२० वर नव्याने आलेल्या गाडीत इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवते, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर लवकर लवकर बदलावा.

आता पंप. एमजीबीत तो मागे उजव्या चाकाच्या पुढे, बॅटरीच्या खोक्याजवळ असतो. एसयू पंपाचा मोठा गुण असा की तो बोलतो. चावी फिरवली की ‘टक टक टक’ सुरू होते, कार्बोरेटरची वाटी भरली की मंदावते आणि थांबते. कान दिला तर निम्मे निदान तिथेच होते. थांबतच नाही, घाईघाईने टकटकत राहतो, पण पुढे पेट्रोल नाही? म्हणजे टाकी रिकामी आहे किंवा ओढण्याच्या बाजूला हवा शिरते आहे. भरल्यावरही दहा-पंधरा सेकंदांनी एकेक टक येतो? पंपाचा झडपदार वॉशर गळतो आहे किंवा वाटीत येणारे पेट्रोल रोखणारा कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह धरत नाही. आवाजच नाही? बहुतेक वेळा आतल्या पॉइंटवर (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) काजळी धरलेली असते, नाहीतर काळ्या अर्थ वायरचा नट गंजलेला असतो. पान्याच्या मुठीने पंपाच्या कवचावर हलकेच ठोकले की तो चालू होतो, आणि त्यावरच लोक वर्षभर काढतात. तसे करू नये. बॅटरी काढून टोपण उघडावे, पॉइंटमधून पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कागद ओढावा. पॉइंट खड्डे पडून निळे झाले असतील तर सेट बदलावा. १९६७ च्या अखेरपर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. अशा गाडीत डायोड असलेला नवा पंप बसवायचा तर तो पॉझिटिव्ह अर्थचाच मागवावा, नाहीतर चावी फिरवताच डायोड जळतो.

पंपाची खरी परीक्षा मात्र बाटलीत होते. इंजिन थंड असावे, जवळ दोन किलोचे पावडरचे अग्निशामक असावे. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलची वायर काढावी म्हणजे चावी लावून ठेवल्याने कॉइल तापणार नाही. कार्बोरेटरकडचा होज काढून बाटलीत सोडावा आणि चावी लावावी. नंतरच्या पद्धतीचा पंप (एयूएफ-३०० मालिकेतला) अर्ध्या मिनिटात अर्धा लिटरहून थोडे जास्त द्यायला हवा. त्याच्या आधीचा एचपी पंप त्याच्या निम्माच देतो, आणि त्यात काही बिघाड नसतो. धारेत बुडबुडे दिसले तर पंपाच्या मागचा एखादा सांधा हवा घेतो आहे. धार सुरुवातीला जोरकस आणि मग कमी झाली तर झाकण किंवा पिकअप. पंप नीट वाजतो पण धार पहिल्यापासूनच बारीक असेल तर नळी. अशा वेळी पंप सोडवून, टाकीचे झाकण उघडून सायकलच्या पंपाने नळीतून टाकीकडे हवा मारावी, टाकीत बुडबुड ऐकू आली पाहिजे. पंपातून हवा मारू नये, त्याच्या झडपा नाजूक असतात.

धार कमी म्हणून सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नव्या गाडीचा पंप बसवणे. इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप ३ बारच्या घरातला असतो. एसयू कार्बोरेटरला पाव बारच्या आतला दाब हवा, मूळ पंप त्याहून जास्त देतच नाही. जास्त दाबाने नीडल व्हॉल्व्ह उघडा राहतो, वाटी वाहू लागते, आणि एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक आहेत. पुढचे सांगायला नको.

ट्रायम्फ हेरल्ड कन्व्हर्टिबल आणि तिची मद्रासला बनलेली बहीण स्टँडर्ड हेरल्ड यांना विजेचा पंप नाही, इंजिनवर चालणारा यांत्रिक पंप आहे. त्याचा जुना पडदा इथेनॉलने फाटला की पेट्रोल सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच बंद ठेवावी. त्या पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

आता कुठे कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. एचएस-४ जातीचा असेल तर वाटीचे झाकण काढून उलटे धरावे. फ्लोटच्या (वाटीतल्या तरंगत्या गोळ्याच्या) दांडीखाली ३.२ ते ४.८ मिमी जाडीची गोल सळई सरकली पाहिजे. नीडल व्हॉल्व्ह व्हिटॉन या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या टोकाचा घ्यावा. फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवून पाहावा, बुडबुडा आला की सांधा सुटलाय. वाटीतून जेटच्या बुडाला जाणारी बारीक नायलॉनची नळी ओढू नये, तिच्या टोकाचे छोटे रबर जुने झालेले असते आणि ओढताच गळू लागते. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरचा पिस्टन बोटाने वर उचलून सोडावा. तो खाली येऊन ‘टक्’ असा स्पष्ट आवाज व्हायला हवा. घुटमळत खाली आला तर जेट मध्यावर नाही किंवा पिस्टनवरच्या घुमटात (डोममध्ये) चिकटा आहे. डोम पेट्रोलने पुसून कोरडा ठेवावा, तिथे तेल घालू नये. वरच्या डॅम्परमध्ये २० ग्रेडचे ऑइल. टोपी बसवताना शेवटचे ६ मिमी उरले असतानाच हाताला अडथळा जाणवला की ऑइल पुरेसे.

मिश्रण लावताना इंजिन पूर्ण तापलेले हवे. जेटच्या खालचा षट्कोनी नट वर फिरवला की मिश्रण पातळ होते, खाली फिरवला की दाट. एका वेळी एकच पैलू, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा, फिरवावा. सुरुवात करायची तर जेट पुलाच्या (हवेच्या वाटेतल्या उंचवट्याच्या) पातळीला आणून दोन पूर्ण फेरे खाली घ्यावा. मग पिस्टन उचलायच्या पिनने तो जेमतेम ०.८ मिमी उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर दाट, वेग पडून इंजिन गुदमरले तर पातळ, क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर वेगवेगळे पाहावेत. तीन मिनिटांत जमले नाही तर इंजिन अडीच हजारावर क्षणभर चालवून साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. ई-२० वर साधारण एक-दोन पैलू खाली घ्यावे लागतात, पण त्याने आयडलिंग सुधारते, घाटातले पातळपण पुरते जात नाही. त्यासाठी पिस्टनला लावलेली, जेटमध्ये सरकणारी सुई एक पायरी दाट मिश्रणाची बसवणे हाच खरा उपाय. नुसता नट खाली खाली घेत बसणाऱ्यांची गाडी सिग्नलला काळा धूर सोडते आणि बोरघाटात तरीही तापते. एक दिलासा असा की इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, त्यामुळे ८.८ : १ कॉम्प्रेशनचे हे इंजिन खडखड कमी करते.

मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये बंद पडणारी गाडी हा वेगळा विषय. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्यावर मिश्रणाचा बराच भाग त्याच्याही आधी वाफ होतो. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टच्या मधला पत्र्याचा हीट शील्ड आणि त्याचे अस्तर जागेवर आहे ना, कार्बोरेटरमागचे उष्णतारोधक ब्लॉक कोणी फेकून तर दिले नाहीत ना, एवढे पाहावे. मेकॅनिक ते ‘जास्तीचे’ म्हणून फेकतात. एमजीच्याच आधीच्या टीडी या गाडीत तर पंपच बॉनेटखाली आहे, तिला हा त्रास अधिक. रस्त्यात असे झाले तर बॉनेट उघडून पंधरा मिनिटे थांबावे, वाट्यांवर ओला फडका टाकावा, आणि चोक न ओढता ॲक्सिलरेटर अर्धा दाबून स्टार्टर मारावा.

पावसाळ्यात या गाड्या चार महिने उभ्या असतात. टाकी रिकामी ठेवावी की भरलेली, यावर दोन मते आहेत. कोकणात आणि मुंबईत रिकामा पत्रा दमट हवेने आतून गंजतो, म्हणून आम्ही गळ्यापर्यंत भरायला सांगतो. पेट्रोल ताजे घ्यावे, त्यात गंजरोधक असलेले स्टॅबिलायझर बाटलीवरच्या मापाने घालावे, आणि पंपाची वायर काढून इंजिन वाट्या सुकेपर्यंत चालवावे. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन फिरवायची सवय सोडून द्यावी, त्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठते. फिरवायचेच तर अर्धा तास रस्त्यावर फिरवावे.

आता आपल्या वृत्तपत्रामार्फत एक मागणी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपलीकडची मूळ अवस्थेतली गाडी नंबरप्लेटच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. सरकार या गाड्यांना वारसा मानते, रोजच्या वापराला मनाई करते, आणि पेट्रोल मात्र तेच देते जे त्यांच्या रबराला चालत नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय सर्वांना मिळावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे सगळ्यांसाठी तसे मागण्यात अर्थ नाही. पण ‘व्हीए’ पाटी पाहून टाकी भरून देणारा एक पंप मुंबईत आणि एक पुण्यात ठेवता येईल. तेही जमत नसेल तर निदान प्रत्येक नोझलवर त्या पेट्रोलातले इथेनॉलचे प्रमाण ठळक आकड्यात छापावे.

आपले,
जुन्या उघड्या गाड्यांची देखभाल करणारे काही वाचक, पुणे